बडोद्याचं घर

स्टूल डगमगू नये म्हणून दुर्गा ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. वर तिचे वडील गॅलरीच्या कमानीला रंगीत दिव्यांची माळ बांधत होते. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात वायर आणि ओठांत धरलेले खिळे. याहून चांगली वेळ आपल्याला मिळायची नाही, असं दुर्गाच्या मनात आलं.

"भाऊ, मला बडोद्याला शिकायला जायचंय," ती म्हणाली.

हातोडी थांबली. भाऊंनी खाली पाहिलं, पण ओठांत खिळे असल्यामुळे ओरडता येईना. ते एकेक खिळा काढून खिशात टाकू लागले आणि तेवढ्यात दुर्गाने उरलेलं सगळं भराभर सांगून टाकलं. बडोद्याच्या विद्यापीठात म्युझियमचं शिक्षण मिळतं. जुन्या वस्तू कशा जपायच्या, कशा मांडायच्या, लोकांना कशा समजावून सांगायच्या, हे सगळं. तिची मैत्रीण नलू परवाच सगळी चौकशी करून आली होती. बी.ए.चा निकाल लागला की लगेच अर्ज करायचा.

"म्हणजे अजबखान्यात नोकरी?" भाऊंना अखेर वाचा फुटली. "पेंढा भरलेल्या वाघांवरची धूळ झटकायला बी.ए. व्हावं लागतं?"

"धूळ कशी झटकायची हेच तर शिकवतात."

"आणि त्यासाठी बडोदं? अगं, येत्या रविवारी ते परराज्य होणार!"

"म्हणून तर आज बुधवारी विचारतेय."

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. भाऊ मात्र हसले नाहीत. ते रागाने वळले, तसं स्टूल एका बाजूला कललं. शेजारच्या गॅलरीत गुजराती वर्तमानपत्राआड बसलेले जमनादास पेपर खाली न घेताच आपल्या बायकोला म्हणाले, "कांता, कोणी तरी पडेल हां."

"दुर्गे," भाऊ तितक्याच मोठ्याने म्हणाले, "काही लोकांना सांग, आम्हाला चढता येतं आणि उतरताही येतं."

मनमोहन धैर्यवान हे फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत मॅनेजिंग क्लार्क होते. घरात लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणत, मुलगीसुद्धा. ठाकूरद्वारच्या त्या वाडीत पाठारे प्रभूंची घरं पिढ्यान्‌पिढ्या होती. धैर्यवानांच्या समोर दार आणि चिकटून गॅलरी असलेल्या बिऱ्हाडात जमनादास आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. त्यांचं भुलेश्वरला बटणांचं आणि लेसचं दुकान होतं. मूलबाळ नव्हतं. दुर्गा निम्मी त्यांच्याच झोपाळ्यावर वाढली.

एके काळी ही दोन माणसं रोज संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर बुद्धिबळाचा पट ठेवून खेळत. पंचावन्न सालच्या हिवाळ्यात मुंबई महाराष्ट्राला मिळणार की वेगळी राहणार, यावरून शहर पेटलेलं असतानाही खेळ चालू होता. एका संध्याकाळी "मुंबई आमची!" म्हणत भाऊंनी वजीर पुढे सरकवला. जमनादास हसले. म्हणाले, "मनमोहनभाई, तुमी परभू लोक तरी कुठले? पाटणचे ना? आमच्याच गाडीने आलात, जरा लवकर उतरलात इतकंच."

आपले पूर्वज कोणा राजाबरोबर पाटणहून आले, ही हकीकत भाऊ स्वतः प्रत्येक लग्नात पंगतीला रंगवून सांगत. पण त्याच आठवड्यात फाउंटनला गोळ्या चालल्या होत्या आणि त्यात वाडीच्या नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याचा धाकटा भाऊ गेला होता. भाऊंनी पट उधळला. सोंगट्या खाली वाडीत जाऊन पडल्या. पुढे भाऊ सत्याग्रहात गेले, तुरुंगात राहून आले, वाडीने त्यांना हार घातले. समोरचं दार त्या दिवशी बंद होतं.

तेव्हापासून दोन घरांत अबोला होता. म्हणजे बोलणं होतं, पण ते हवेशी. "काही लोकांचा नळ चालू राहिलाय," असं भाऊ जिन्याला सांगत. "कोणाचं तरी दूध उतू जाते," असं जमनादास छताला सांगत. आई आणि कांताबेन जिन्यात भेटल्या तर मान हलवत, त्यापलीकडे नाही. दुर्गाला तेवढी दोन्ही दारं उघडी होती. ती लहान होती तेव्हा कोणी तिला बंदी घातली नाही आणि ती मोठी झाली तेव्हा घालायचं राहून गेलं.

त्या बुधवारी स्टुलावरून उतरल्यावर भाऊंनी आपला निर्णय सांगितला. वसतिगृहाचं नाव काढायचं नाही. बडोद्यात ओळखीच्या माणसाचं घर असेल, घरात बाईमाणूस असेल, तर विचार करू. नाही तर मुंबईत शिकण्यासारखं खूप आहे.

"असं घर मी शोधलं तर?"

"शोध," भाऊ म्हणाले आणि निश्चिंतपणे पुन्हा स्टुलावर चढले. धैर्यवानांच्या साऱ्या गोतावळ्यात बडोद्याला कोणी नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुर्गाला दुसरंही काही ठाऊक होतं. कांताबेनची नणंद बडोद्याला राहत होती. तिच्या घरावर माडीच्या दोन खोल्या होत्या, त्या जमनादासांच्या. कायम बंद. कांताबेन वर्षातून एकदा जाऊन झाडून-पुसून येत.

दुसऱ्या दिवशी जमनादास दुकानातून आले, तेव्हा दुर्गा त्यांच्या झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसली होती. काल गॅलरीत त्यांनी सगळं ऐकलं होतंच. तरी त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. भायखळ्याला राणीच्या बागेतल्या म्युझियममध्ये ती ट्रामने शनिवारच्या शनिवारी का जाते, तिथल्या मातीच्या बाहुल्यांसमोर इतका वेळ काय बघत उभी राहते, हेही विचारलं.

"त्या बाहुल्यांत या शहरातली सगळी माणसं आहेत, काका. पगड्यांवरून ओळखता येतात. मला वाटतं, कोणाच्या शेजारी कोणाला उभं करायचं, हे ठरवायचं काम किती मजेचं असेल!"

जमनादासांनी कांताबेनकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "खोल्या हाय. तू राहा, माझी ना नाय. खाली माझी बेन हाय, ती बघेल तुला. पण तुझ्या भाऊने मला एक शब्द सांगितला पाहिजे. बापाने सांगितल्याशिवाय दुसऱ्याची मुलगी घरात कशी ठेवायची?"

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुर्गाने घरी येऊन, बडोद्याच्या त्या बंद खोल्यांपासून सगळं तसंच्या तसं सांगितलं. भाऊ जेवत होते. त्यांनी घास तोंडात घातला आणि इतका वेळ चावला की आईने पाण्याचं भांडं पुढे सरकवलं.

"दुसरं घर शोध," ते शेवटी म्हणाले.

"दुसरं नाहीये."

"मग राहू दे."

शुक्रवारी दुर्गा कोणाशी फारसं बोलली नाही. एरवी तिच्या बडबडीने भाऊ वैतागत. त्या दिवशी ते दोनदा तिच्या खोलीच्या दाराशी येऊन परत गेले. शनिवारी तिने म्युझियमला जायचंही टाळलं. आईने तिला खोबरं किसायला बसवलं आणि एवढंच म्हणाली, "उद्याचा दिवस होऊन जाऊ दे."

रविवार उजाडला तो सनईनेच. वाडीतल्या मुलांनी नाक्यावर कर्णा लावला होता. प्रत्येक दारात रांगोळी होती, कठड्याकठड्यावर भगवे झेंडे होते. चार वर्षं भिंतीभिंतींवर लिहिलेलं 'झालाच पाहिजे' अखेर झालं होतं आणि वाडीत जो तो दुसऱ्याला मिठी मारत होता. भाऊंनी नवं धोतर नेसलं, कोट चढवला. आईने त्यांच्या हातात पेढ्यांचं ताट दिलं.

"वाडीत सगळ्यांना द्यायचेत," ती म्हणाली. "एकही घर वगळू नका."

"कळतंय मला."

दुर्गा त्यांच्या मागे निघाली. तळमजल्यापासून वरपर्यंत भाऊ घरोघर गेले. म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार केले, मुलांचे गाल ओढले, आपल्या तुरुंगवासाची एक आठवण दोन ठिकाणी सांगितली. शेवटी ते आपल्या मजल्यावर परत आले. ताटात पेढे उरले होते आणि एक दार उरलं होतं.

"झोपले असतील," भाऊ हळूच म्हणाले.

आत रेडिओ मोठ्याने लागला होता.

"रेडिओ लावून?" दुर्गाने विचारलं.

भाऊंनी कोटाचं वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं. हात कडीपर्यंत गेला आणि तेवढ्यात दार आतूनच उघडलं. दारात जमनादास उभे होते. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी आणि हातात रुमालाने झाकलेली चांदीची थाळी. मागे कांताबेन ठेवणीतली साडी नेसून उभ्या. दोघं पुरुष एकमेकांच्या ताटाकडे बघत राहिले.

"हे काय?" भाऊंनी विचारलं. हवेला नाही, छताला नाही. जमनादासांना.

"मोहनथाळ," जमनादास म्हणाले. "आज आमचं पण राज्य झालं ना, मनमोहनभाई!"

एकाच दिवशी दोन राज्यं होणार हे भाऊ रोज पेपरात वाचत होते, चारचौघांना समजावून सांगत होते. पण शेजारच्या घरात आज कोणी मिठाई करील, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुर्गाला हसू आवरेना. मग कांताबेन हसल्या. मग भाऊंनी एक पेढा उचलून जमनादासांच्या तोंडात असा कोंबला की त्यांना बराच वेळ बोलता आलं नाही.

चार वर्षांनी भाऊ त्या घरात शिरले आणि झोपाळ्यावर बसले. मोहनथाळाचा तुकडा संपवून त्यांनी घसा खाकरला.

"जमनादास, आमच्या दुर्गेला बडोद्याला..."

त्यांना वाक्य पुरं करावं लागलं नाही. जमनादास उठले, आतल्या कपाटातून एक लांब किल्ली घेऊन आले आणि ती भाऊंच्या हातात ठेवली. भाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली. कचेरीत घरांचे करारमदार बघण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे पुढचा प्रश्न आपसूकच आला.

"इतकी वर्षं बंद कशाला ठेवल्यात? भाडेकरू मिळाला असता."

जमनादास रेडिओचा आवाज कमी करायला वळले. उत्तर कांताबेननी दिलं.

"आमच्यासाठी ठेवल्या होत्या."

"सुट्टीत जायला?"

"नाय," कांताबेन म्हणाल्या. "छप्पन साली दंगलीत दुकानाची काच फुटली, तवा घेतल्या. भांडी, गाद्या, देव्हारा, सगळं नेऊन ठेवलं. म्हटलं, इथून निघावं लागलं तर एकदम कुठे जाणार?"

"कांता, आज कशाला ते?" जमनादास पाठमोरेच म्हणाले.

झोपाळा थांबला. खालून कर्ण्यावर कोणी तरी जयजयकार केला आणि सगळी वाडी त्यात मिसळली. भाऊंचा आवाज मात्र त्यात नव्हता. दुर्गाने त्यांच्याकडे पाहिलं. ते किल्लीच्या दात्यांवरून अंगठा फिरवत होते.

"मला कधी बोलला नाहीत," ते म्हणाले.

"आपण बोलत कुठे होतो?" जमनादास हसून म्हणाले. "आता उघडू दे खोल्या. मुलगी राहील, हवा खेळेल."

"आणि पुन्हा तुम्हाला लागल्या तर?"

जमनादासांचं हसू तसंच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "लागतील?"

भाऊंनी मान वर केली.

"नाही," ते म्हणाले. "नाही लागणार."

त्यांनी किल्ली दुर्गाच्या हाती दिली. उठता उठता, जणू मघापासून हेच सांगायचं होतं अशा थाटात ते म्हणाले, "दुर्गे, आईला सांग, आज चार पानांच्या जागी... आपण किती? तीन. पाच पानं घ्यायची. आणि मासळी नको म्हणावं."

दुर्गा धावतच घरी आली. स्वयंपाकघरात आई ताज्या पापलेटांना हळद-मीठ लावत होती.

"मासळी नको? रविवारी? आणि आजच्या दिवशी?"

"काका-काकी जेवायला येतायत."

आईचा हात तसाच राहिला. तिने दारातून समोरच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग पापलेटांवर पातेलं पालथं घातलं, वर वरवंटा ठेवला आणि टोपलीतले बटाटे ओतले.

"लसूण चालतो का गं त्यांना?" तिने विचारलं. "मला आठवतच नाही."

दुर्गाला ते ठाऊक होतं. तिने विळी पुढे ओढली.

"तूच विचार ना," ती म्हणाली.

आईने पदराला हात पुसले, केसांवरून एकदा हात फिरवला आणि बाहेर गेली. दुर्गा बटाटे सोलू लागली. समोरून आधी कांताबेनचा आवाज आला, मग आईचा, मग दोघींचे एकदमच. दुर्गाचे सगळे बटाटे सोलून झाले, चिरून झाले, तरी आई लसणाचं विचारून काही परत आली नव्हती.