डागाच्या मापाचं चॅपेल

मी एक तैलचित्र बोलतोय. हिरवी टेकडी, वर ढग आणि मधोमध चॅपेल, म्हणजे मूठभर माणसांचं प्रार्थनाघर. सार्वजनिक कलासंग्रहात, जिन्याच्या वळणावर टांगलेला असतो. लोक येतात, माझ्या काचेत केस नीट करतात आणि जातात. टेकडी कोण बघतंय!

माझा चित्रकारही त्यातलाच. मला रंगवताना त्याच्या तिकाटण्याचा, म्हणजे चित्र ठेवायच्या तिपाईचा, एक पाय उंदराच्या बिळात गेला आणि चॅपेल तिरकं उतरलं. पठ्ठ्याला पत्ताच नाही. बायको डबा घेऊन आली.

"अहो, चॅपेल पडतंय!"

"पडत नाहीये. तू वाकडी उभी आहेस."

जन्मभर त्याचं हेच उत्तर. तो गेल्यावर बाईने आधी मला घराबाहेर काढलं, संग्रहाला भेट म्हणून.

इथल्या तज्ज्ञ मॅडमनी माझ्याखाली पाटी लिहिली, 'श्रद्धेचा आभाळाकडे झुकाव.' उंदराचं नाव कुठेच नाही.

पाटी लागली, आणि मी तळघरात गेलो. तिथे चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी असतात, शिक्षा झालेल्या पोरांसारखी. वर्षानुवर्षं मी एक वीट बघितली. एकच.

मग जिन्यातला पाइप गळायला लागला. भिंतीवर ओलीचा हा मोठा डाग! संग्रहाचे साहेब ओरडले, "काहीतरी लावा रे त्यावर!" डागाच्या मापाचा मीच निघालो. वर आलो आणि असा माजलो, की येणाऱ्याजाणाऱ्याला मनातल्या मनात नावं ठेवण्यात दिवस पुरेना.

परवा मात्र प्लंबरने पाइप बदलला. गवंड्याने भिंत गुळगुळीत केली. साहेब खूश.

"आता इथे आरसा लावू. लोकांना तोच हवाय."

पहिल्यांदाच माणूस खरं बोलला.

मॅडम कळवळल्या. "पण सर, तो झुकाव?"

"झुकाव तळघरात ठेवा."

माझी तंतरली. शिपायांनी मला उतरवून कठड्याला टेकवलं. ती वीट डोळ्यांपुढे आली. ज्यांची टिंगल केली त्या सगळ्यांची मनोमन माफी मागितली, उंदरासकट.

आरसा जड, जुना खिळा पुरेना. साहेबांनी स्वतः ड्रिल हातात घेतलं. पाइप कुठून जातो हे प्लंबरला विचारायचं, तर साहेबपण कसं राहणार? घर्रर्र केलं, आणि नव्याकोऱ्या पाइपातून फवारा थेट साहेबांच्या कोटावर!

"चॅपेल!" साहेब बोंबलले. "अरे बघताय काय? चॅपेल आणा!"

भोकात चिंधी कोंबली, वर मला टांगलं. मॅडम म्हणाल्या, "बघा सर, झुकाव किती शोभतोय." साहेब कोट पिळत होते.

मी अजून इथेच आहे. चिंधी ठिबकते. माझी पाठ मऊ पडलीय, ढगांना मागून बुरशी चढतेय. फार दिवस टिकत नाही, कळतं मला. पण तळघरात धडधाकट राहून वीट बघण्यापेक्षा तुमची थोबाडं बघत कुजलेलं बरं.

तेव्हा या. केस विंचरा. फक्त ओळखीत कुणी प्लंबर असेल, तर त्याला घरीच ठेवा.