हुंकाराची जागा

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. सांगणारा एक वाक्य बोलून थांबतो, समोरून 'हूं' आला की पुढे जातो. नाही आला तर ऐकणारा झोपला असं धरायचं आणि गोष्ट तिथेच सोडायची.

पेठ तालुक्यातलं गाव सोडून नाशकात आलो, तरी माझ्या बायकोने, अक्काबाईने, हा नेम मोडला नाही. सून होती तोवर हुंकार तिचा असायचा. गेल्या पावसाळ्यात ती तापाने गेली. त्यानंतर घरात गोष्ट झाली नाही. कोणी मुद्दाम बंद केली, असंही नाही.

नात तृप्ती सहा वर्षांची. तिला ऐकू येतं, पण ती कधीच बोललेली नाही. अशा मुलांच्या केंद्रातल्या पल्लवीताई म्हणाल्या, "रोज चित्र काढत गोष्ट सांगा. आणि आजोबा, हूं तुम्ही म्हणू नका. ती जागा तिला ठेवा."

मुलगा राजू टेम्पो चालवतो. तो म्हणाला, "आखाजीच्या सणापर्यंत बघू. नायतर वसतिगृहात ठेवतो तिला. तुमच्यानं होत नाय आता."

आम्ही वाद घातला नाही.

अक्काबाईने पुठ्ठ्याला गेरू लावला, तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं आणि काडीने खेकडा काढला. "एक होता खेकडा," म्हणून ती थांबली. हूं आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. खेकडा डोंगराकडे निघायचा होता, तो निघेचना.

तृप्ती मधेच बोट पिठात बुडवून चित्रावर टेकवायची. अक्काबाई ओल्या फडक्याने तो ठिपका पुसायची. "खेकड्याला देवी आल्या का गं?" लग्नघराच्या भिंतीवर पिठाने चौक काढलेला तिचा हात. रेघेबाहेरचं पांढरं तिला खपत नाही. मी भिंतीला टेकून बघत असायचो.

आखाजी जवळ आली तेव्हा पल्लवीताई घरी आल्या. राजूने तृप्तीचे कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले होते.

"रोजच्यासारखं चालू द्या," ताई म्हणाल्या.

"रोजचं काय ताई, खेकडा बसलाय तिथंच." तरी अक्काबाईने काडी घेतली. "एक होता खेकडा."

ती थांबली. तृप्तीने ठिपका ठेवला. फडकं पुढे आलं, तसा ताईंनी अक्काबाईचा हात धरला.

"आजी, हे ती तुम्ही बोलताना करते?"

"बोलताना नाय." अक्काबाईने जरा आठवून बघितलं. "थांबले की करते."

मग तिने फडकं मांडीखाली घातलं.

"तो निघाला डोंगराकडं."

ठिपका.

"वाटेत लागला ओढा."

ठिपका.

"म्हंजे हा तिचा हूं व्हय?" राजूने विचारलं. ताईंनी होकाराची मान हलवली.

"पण बोलणं नाय ना ते."

"नाही. पण ती ऐकतेय आणि तसं सांगतेय. इथून पुढे जाता येईल."

खेकडा डोंगरावर पोचला. पुठ्ठा ठिपक्यांनी भरला होता. मला बरं वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, काही वाटलं नाही.

राजू उठला. पिशवीतून तृप्तीचा एक फ्रॉक काढून त्याने खुंटीला अडकवला.

"उद्या सांग परत," तो आईला म्हणाला. "मी असंन."

बाकीचे कपडे त्याने पिशवीतच राहू दिले.