डाव्या पायासाठी जागा

आईनं सकाळीच निकाल देऊन टाकला. केळ्यांचे घड आज मी बुजुम्बुराच्या बाजारात पोचवले तर सायकल पुन्हा माझी. नाहीतर बुतोयीची, कायमची.

बुतोयी माझा जुळा भाऊ, माझ्यामागून जन्मलेला. मी बुकुरू, थोरला. गेल्या पावसात घाटातल्या एका वळणावर मी सायकलसकट पडलो आणि उजवा गुडघा घडांखाली सापडला. तेव्हापासून सायकल तोच चालवतो. आज भरलीही त्यानंच. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना हिरव्या केळ्यांचे घड, वर आणखी घड, आणि उजवीकडं मागच्या चाकापर्यंत पाय जाईल एवढी फट. उतारावर हातातला ब्रेक नुसता ओरडतो. सायकल थांबवते ती चप्पल, टायरच्या रबराची, मागच्या चाकावर दाबून धरलेली.

"जमेल ना, थोरले?" बुतोयीनं विचारलं.

"तुला शिकवलं कुणी रे?"

घाटमाथ्यावरच्या बुगारामाहून निघालो. पुढं मिसागो, माझा जुना सोबती, त्याच्याही मागं घडांचा डोंगर. चाकं पळायला लागली, कानात वारा भरला, तोंडातून आपोआप शीळ निघाली, वेग वाढला तसा मी उजवा पाय मागं नेला आणि

पुन्हा.

पाय मागं जातच नाही. गुडघा अर्ध्यावर अडतो, गंजलेल्या बिजागरीसारखा. सायकल कडेच्या मातीत घातली म्हणून वाचलो.

"मुतायला थांबलास?" मिसागो खालून ओरडला.

"दोर बघतोय!"

"दोर बराय. स्वतःचं तोंड बघ!"

सायकल ढकलत रस्त्यावर आणली. या वेळी हळू. पण हळू म्हणजे काय ते घडांना कुठं कळतं? ते मागून रेटतात, सायकल धावत सुटते, वाक, मी म्हणतो, वाक की रे गाढवा, चप्पल चाकाला टेकते, निसटते, आणि

पुन्हा.

पुन्हा.

एव्हाना धुकं फाटून खाली शहरापलीकडचं सरोवर दिसायला लागलं असणार. मी गुडघ्याकडं बघत होतो. प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, चालता येईल. चालायचं कुणाला होतं?

मग मी पडलो होतो ते वळण आलं. मी उतरलो. म्हणजे सायकल आडवी होऊ न देता एका पायावर नाचलो. मिसागो थांबला होता.

"दे सोडून, बुकुरू. बुतोयीला निरोप धाडतो, तो येऊन नेईल."

"तू जा."

"अरे, डाव्या पायानं दाब ना मग!"

"कुठून घालू डावा? तिकडं घड आहेत!"

बोललो आणि मागं वळून घडांकडं पाहिलं. फट उजवीकडं. बुतोयी उजव्या पायानं थांबवतो, मीही जन्मभर उजव्यानंच. त्यानं सवयीनं बांधलं, मी सवयीनं बसलो. एका आईचे दोन बैल.

सुरी काढली आणि डावीकडचा दोर कापला. चाकापाशी होते तेवढे घड धपाधप गवतात पडले.

"वेडा झालास? बाजारात काय नेणार?"

"राहिलेले."

पुढचा सगळा उतार सायकल उजवीकडं कलून, मी डावीकडं कलून. डावा पाय अडाणी. कधी फार दाबतो, कधी दाबतच नाही. पण चाक ऐकत होतं. बाजारात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, चांगली गिऱ्हाइकं निघून गेली होती. घड मिळेल त्या भावात गेले.

परतताना चढावर, सायकलवर बसूनच, दोघांनी चालत्या ट्रकची मागची कड धरली. मिसागोनं मला उजवा कोपरा दिला, ताठ पाय बाहेर राहावा म्हणून.

"पाय आत घे! झाडं पाडशील!"

"नाही येत आत!"

वळणावर मान वळवून पाहिलं. गवत दबलेलं. घड गायब.

दारात बुतोयी उभा होता. त्यानं कापलेला दोर पाहिला आणि हँडल धरलं. मी सोडलं नाही.

"आईनं घड म्हटलं होतं. अर्धे नाही."

"फट उजवीकडं ठेवलीस."

"नेहमी तिथंच असते!"

"माझा उजवा वाकत नाही."

"मग सांगायचं ना!"

"विचारायचं ना!"

"सगळ्या गावाला सांगत फिरत होतास, गुडघा ठणठणीत झाला म्हणून!"

आई आतून ओरडली, "हँडल तुटेल, मग दोघंही चालत जा! उद्या कोण जाणार ते ठरवा."

"मी," दोघंही म्हणालो. पण बुतोयीचा हात आधी सुटला.

सकाळी घड मी बांधले. उजवी बाजू गच्च, फट डावीकडं. बुतोयी हाताची घडी घालून बघत होता, ढिम्म. खालची गाठ राहिली. ती उकिडवं बसून मारावी लागते. मी वाकलो, तिरका झालो, भिंतीला टेकलो, शिव्या दिल्या. हात पोचेना.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोल?"

"जे काल बोलला नाहीस ते."

दोराचं टोक मी त्याच्यापुढं धरलं.

"मार गाठ," मी म्हणालो. "मला बसता येत नाही."