भट्टीतला वाडगा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा वाडगा आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावात विष्णूकाकांच्या घरी राहतो. जन्म मात्र चेकोस्लोव्हाकियातला, सरकारी कारखान्यातला. तिथली भट्टी नाताळातही विझत नसे. वाळूचं लाल पाणी होताना मी पाहिलं, कारण ती वाळू मीच होतो. मिलेना नावाच्या कामगार बाईने चाकावर धरून माझ्यावर नक्षी कापली.

मग साम्यवादी राज्य गेलं आणि अजब घडलं. नव्या सरकारने देशभरातले कारखाने लोकांना वाटायला काढले. कुपनांचं पुस्तक घ्यायचं, आवडेल त्या कारखान्याचे शेअर मागायचे. काल हातोडा धरणारी माणसं आज मालक. मिलेनाने सगळी कुपनं बिअरच्या कारखान्यात घातली. "काचेचा कारखाना आपलाच आहे," ती म्हणाली. "चाळीस वर्षं भिंतीवर तसं लिहिलंय. आपलंच आपण काय घ्यायचं?" इतर कामगारांनीही तेच केलं. कारखाना परक्यांकडे गेला. त्यांनी भट्टी बंद केली. आतली काच थिजली, भट्टी तडकली.

पुढे मिलेना मला घेऊन इथे मुलाकडे आली. शेजारच्या प्रतिमाकाकू, विष्णूकाकांच्या पत्नी, मला बघतच राहिल्या, म्हणून तिने मला त्यांना देऊन टाकलं. काकू माझ्यात मूठभर तांदूळ घालून वर निरांजन ठेवत. माझ्या नक्षीतून भिंतभर चांदण्या पडत. काका ऑफिसातून येत तेव्हा दिवा लागलेलाच असे. तो कसा लागतो, हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

मार्चमध्ये काकू गेल्या. माझ्यात किल्ल्या पडू लागल्या. परवा घर आवरताना मुलीने, अबोलीने, मला देऊन टाकायच्या खोक्यात ठेवलं. काका नुसते बघत होते. तेवढ्यात मिलेना आली. मला खोक्यात पाहून खुर्चीवर बसली.

"भट्टी माझी, माझी म्हणत राहिले, विष्णू," ती म्हणाली. "पण तिच्यात कुपन एकही घातलं नाही."

काकांनी मला उचललं. धुतलं, पुसलं, तांदूळ घातले. वात वळायला बसले. कापूस सुटत होता. तीन वाती फुकट गेल्या.

"बाबा, लेट मी," अबोली म्हणाली.

"नको. तू फक्त सांग, आई कशी करायची."

चौथी लागली. भिंतीवर चांदण्या आल्या. त्या बघायला मिलेनाही उठून उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा दिवा रोज आपोआप लागत असेल. वात कशी वळतात, ते आजच विचारा. विचारायला माणूस आहे तोवर.