चिंचेच्या चटणीचा दुसरा रिपोर्ट

चितेगावच्या अन्न तपासणी प्रयोगशाळेत पूर्वी तिघी काम करायच्या. दोघी सोडून गेल्या आणि त्यांचं काम विशाखाच्या अंगावर आलं. उस्मानपुऱ्यातल्या घरून सकाळी सातला निघायचं आणि अंधार पडताना परतायचं. सुट्टी मागायची म्हटलं तर ती कुणाच्या भरवशावर मागायची?

त्या सोमवारी मंजुळाबाई आल्या. लासूर स्टेशनला बचत गटाच्या बायका चिंच-गुळाची चटणी करून बाटल्यांतून विकायच्या, त्यांच्या या म्होरक्या. बसायला सांगितलं तरी त्या उभ्याच राहिल्या. पिशवीतून बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"गावात साखरपुडा झाला. एकोणीस माणसं आजारी पडली. ताप आन् जुलाब. माझी सून ज्ञानेश्वरी तीन दिवस झाले सलाईनवर हाय. लोक म्हणत्यात, पंगतीतल्या आमच्या चटणीनं झालं. तुमीच पंधरा दिवसामागं लिहून दिलं होतं ना, चटणी चांगली हाय म्हणून? तेच परत लिहून द्या. एवढ्या आंबटात किडा जगतो व्हय कुठं?"

"परत तपासते, मावशी," विशाखा म्हणाली.

पंधरा दिवसांपूर्वी ही चटणी तिनंच तपासली होती. नमुना आधी साध्या, पोषक द्रवात रात्रभर ठेवायचा आणि मग पुढची परीक्षा करायची, असा नियम. आंबटानं अर्धमेले झालेले जंतू त्या द्रवात सावरतात. तसं केलं नाही तर ते जंतू वाढवायच्या ताटलीवर उगवतच नाहीत. त्या दिवशी बावीस नमुने साचले होते. चटणी इतकी आंबट, त्यात काय जगणार, म्हणून तिनं ती एक पायरी गाळली. ताटली कोरी निघाली आणि तिनं सही केली.

या वेळी तिनं काही गाळलं नाही. मंजुळाबाईंच्या बाटलीसोबत फ्रीजमध्ये राखून ठेवलेला जुना नमुनाही लावला. गुरुवारी दोन्ही लाल ताटल्यांवर मधोमध काळे असलेले ठिपके उठले होते. शनिवारी पुढच्या चाचणीत नक्की झालं. ताप-जुलाबाचा जंतू, साल्मोनेला होता, दोन्हींत.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, राजकुमार सरांनी, कागद वाचून खाली ठेवला.

"नव्या बाटलीचा रिपोर्ट दे. जुना कशाला उकरतेस?"

"तो चुकलाय, सर. माझ्याकडून."

"तुझ्यावर येईल."

"येऊ द्या," ती म्हणाली. यात धीटपणा नव्हता. खोटं सांभाळत बसायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं, इतकंच.

सोमवारी चटणीत जंतू निघाल्याचं सांगायला ती स्वतः लासूरला गेली. ज्ञानेश्वरी आदल्या दिवशीच घरी आली होती. चेहरा उतरलेला होता, पण ओसरीवर बसून मऊ भात खात होती. मंजुळाबाईंनी चटणी कशी करतात ते दाखवलं. संध्याकाळी विहिरीच्या पाण्यात गूळ भिजवायचा, त्यात वाटीभर चिंचेचा कोळ घालायचा. बाकीचा सगळा कोळ आणि मसाला सकाळी. उकळायचं नाही, उकळलं की रंग काळा पडतो.

विशाखाला तिथंच उमगलं.

"मावशी, विहिरीच्या पाण्यातून जंतू आला असणार. एकदम कडक आंबटात पडला असता तर बहुतेक मेला असता. पण रात्रभर तो जराशा आंबटात राहिला. तेवढ्यात त्यानं स्वतःला बदललं, आत शिरणारं आंबट बाहेर काढायला शिकला. सकाळी तुम्ही उरलेला कोळ ओतला, तोवर त्याची तयारी झाली होती. पोटातलं आंबटही मग त्यानं सोसलं."

मंजुळाबाईंनी पातेलं बाजूला सारलं. "म्हंजी आमीच त्याला सवय लावली."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं. पहिल्या वेळी मी तपासणी पुरती केली नाही, मावशी. तेव्हाच सापडला असता."

ज्ञानेश्वरीचा घास हातातच राहिला.

"तवा सापडला असता तर," मंजुळाबाई सावकाश म्हणाल्या, "ही आजारी पडली नसती."

"नसती पडली."

"मग आता माफी मागू नगंस. मला द्यायला जमायची नाय."

विशाखानं मान हलवली. नंतर दोघींनी मिळून शिल्लक चाळीस बाटल्या परसात खड्डा करून रित्या केल्या, वर चुना टाकून माती लोटली. शेवटी विशाखानं सांगितलं, सगळं एकदमच घालायचं आणि वीस मिनिटं खळखळून उकळायचं, रंग काळा पडला तर पडू द्या. पाणीही तपासून घ्या. मंजुळाबाईंनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

दुरुस्त रिपोर्ट मंगळवारी गेला. राजकुमार सरांनी तिला लेखी समज दिली. सोबतच रिकाम्या जागा भरायची मागणीही वर पाठवली, आधीही दोनदा पाठवली होती तशी. गटातल्या तिघी बायका काम सोडून गेल्या. उरलेल्या पाच जणींनी महिन्यानं नवी चटणी पाठवली, काळपट रंगाची. विशाखानं ती पोषक द्रवात घातली, झाकण लावलं आणि पुढचा नमुना हातात घेतला. त्या दिवशी अठरा होते.