नखीखालचा डाग

मी एक जुने भिंग आहे. सोनाराच्या बाकावरचे, बोराएवढे, पितळी झाकणात मिटून बसणारे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव फार संशयी आहे. हे वाचायला बसण्यापूर्वी तुम्ही हात धुतलेत की नाही, याचीही मला शंका आहे.

त्याला कारण आहे. ज्या कारागिराने काचा घासून मला घडवले, त्याने माझ्यातून पहिल्यांदा स्वतःचाच अंगठा पाहिला. "बापरे, एवढी घाण!" म्हणत तो हात धुवायला पळाला. तेव्हापासून वरवरच्या स्वच्छतेवर माझा विश्वास नाही.

पुढे मी सोनाराकडे आले. दुकानातल्या झगझगीत दिव्यांवर माझा काडीचाही भरवसा नव्हता, कारण त्यांच्याखाली साधी काचही मिरवते. सोनाराचाही नव्हता. तो हिरा खिडकीपाशी न्यायचा, पांढऱ्या कागदावर पालथा ठेवायचा आणि रंगात पिवळी झाक आहे का ते बघायचा. मग मला डोळ्याला लावून आतले डाग शोधायचा. गिऱ्हाइके मात्र आधी आकार विचारत. हिरा मोठा असला, पण पैलू नीट पाडलेले नसले, तर तो निस्तेजच दिसतो, हे त्यांना पटवताना सोनाराच्या नाकी नऊ येत. "माझ्या डोळ्यांपेक्षा याच्यावर माझा भरवसा," असे तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणे. मला बरे वाटे.

एकदा एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीसाठी अंगठी करायची होती, आणि हिरा बाईच्या आईच्या जुन्या अंगठीतला होता.

"आईची एवढीच आठवण उरलीय, काका," ती म्हणाली.

सोनाराने हिरा सोडवून माझ्यातून दोघींना दाखवला. कडेला एक काळा ठिपका होता.

"त्यापेक्षा बिनडागाचा नवीन घेतला तर?" मुलीने विचारले.

"डाग कडेला आहे, मधोमध नाही," सोनार म्हणाला. "चमक अडत नाही. आणि पैलू बघ किती सुरेख आहेत! बदलू नकोस."

बाईने मुलीला कोपराने ढोसले. "ठिपका नीट बघून ठेव. देताना होता, घेताना दिसला पाहिजे."

अंगठी तयार झाली. बाईने सगळ्यात आधी मला मागून घेतले. तिने अंगठी फिरवून फिरवून पाहिली. तिच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली. ठिपका नव्हता.

"काका, हा आमचा हिरा नाही."

"ताई, तुमचाच आहे."

"मग डाग कुठे गेला? धुऊन निघतो का तो?"

मित्रांनो, इतकी वर्षे त्याच्या डोळ्याला लागून असूनही मला सोनाराचाच संशय आला. त्याचा चेहरा पार उतरला. मग एकदम त्याने कपाळावर हात मारला.

"नखीखाली गेलाय तो!" हिरा धरून ठेवणारा सोन्याचा इवलासा पंजा, तो म्हणजे नखी. "कडेचा डाग आम्ही नेहमी नखीखाली झाकतो, छान दिसावं म्हणून. तुम्हाला सांगायचं राहिलंच."

"मला कसं खरं वाटावं?"

"नखी उचलून दाखवतो. पण हिऱ्याच्या कडेचा टवका उडू शकतो, ताई."

बाईने अंगठी पुन्हा उचलून पाहिली. हिरा फुटला तर आठवण गेली, आणि न उचलावी तर संशय जन्मभर बोटात राहणार. शेवटी मुलगीच म्हणाली, "उचला, काका. आजीचा आहे की नाही हे माहीत नसताना मी ती घालणार नाही."

सोनाराने श्वास रोखून नखी उचलली. टवका उडाला नाही. बाईने मला डोळ्याला लावले आणि माझी काच ओली झाली.

"आहे गं, आहे."

"आता पुन्हा झाकू?" सोनाराने हळूच विचारले.

"नको. दिसू दे."

आता दुकानात पडद्यावर हिरा दाखवणारे यंत्र आले आहे. मी खणात किल्ल्यांसोबत पडून असते, अंगभर ओरखडे आणि धूळ घेऊन. परवा तीच मुलगी अंगठी साफ करायला आली आणि तिने मुद्दाम मला मागितले. माझ्यातून पाहताच ती दचकली. "काका, हिऱ्याला हा नवा डाग कसला?"

"हिऱ्याला नाही, भिंगाला आहे," सोनार ओशाळून म्हणाला.

तिने मला पदराने पुसले, पुन्हा कडेचा जुना ठिपका शोधला आणि पुटपुटली, "आहे."

मित्रांनो, हिरा घेताना खुशाल संशय घ्या, खिडकीपाशी नेऊन पाहा, चार प्रश्न विचारा. पण कोणाला चोर म्हणण्याआधी मला एकदा पुसा. आणि कृपा करून मला किल्ल्यांच्या खणात टाकू नका. कोणाची तरी आजी अजून माझ्यातूनच ओळखायची असते.