पुयूची 'सर्दी'

मित्रांनो, मी एक म्हातारी, तांबूस अल्पाका आहे, उंटाच्या कुळातले लोकरीचे जनावर. माझे नाव उर्पी. वय झाले की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

पुनोच्या उंच माळावर, माझी मालकीण सातुर्निना हिच्या गोठ्यात माझा जन्म झाला. माझी लोकर इतकी मऊ होती, की जत्रेत बायका तिच्यात हात घालून उभ्याच राहत. सातुर्निनाचा थोरला भाऊ नेमेसिओ माझ्या कानांत लाल गोंडे बांधून मला मिरवत असे. तेव्हा मी त्याची लाडकी होते!

एका वर्षी नेमेसिओने आपल्या मेंढ्या आमच्याच कुरणात घातल्या. त्यांच्यामागे करड्या माश्या आल्या. त्या चावत नसत. भर उन्हात नाकपुडीशी भिरभिरत आणि आत इवल्या, जिवंत अळ्या टाकून जात. आम्ही नाके मातीत खुपसली, एकमेकींच्या लोकरीत लपवली. व्यर्थ! अळ्या आत चढल्या, तिथेच पोसल्या. शिंकून शिंकून आमचा जीव गेला. नाकातून रक्ताळलेला शेंबूड गळू लागला. मित्रांनो, तुमचे नाक चोंदले तर तुम्ही तोंडाने श्वास घेता. आम्हाला ते धड जमत नाही.

"दादा, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवू या," सातुर्निना म्हणाली.

"सर्दीला डॉक्टर? उद्या मी शिंकलो तर लिमाहून विमान मागवशील!"

मग त्याने निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या आणि आमची तोंडे त्या धुरात धरली. आधी माझे, मग माझ्या लेकीचे, पुयूचे. पुयू मान ताणून, तोंड उघडे टाकून उभी राहिली. पहाटे ती कोसळली.

"थंडीनं गेली. पुरून टाक," नेमेसिओ म्हणाला.

सातुर्निनाने पुरले नाही. तिने कुऱ्हाड आणून पुयूचे डोके फोडले. आतल्या जाडजूड अळ्या पत्र्याच्या ताटलीत काढल्या आणि सूप पीत बसलेल्या भावापुढे ती ताटली आदळली.

"ही बघ तुझी सर्दी! वळवळतेय अजून! हिलाच धुरी देत होतास ना?"

"मला काय ठाऊक, सातू..."

"ठाऊक नव्हतं तर ऐकायचं होतंस! घसा फोडून सांगत होते मी!"

नेमेसिओ सूप तसेच टाकून उठला आणि डॉक्टर देल्फिनाला घेऊन आला. तिने मला गुंगीचे औषध दिले, नाकात दिव्याची बारीक नळी घातली आणि छोट्या पडद्यावर दोघांना दाखवले.

"या बघा. पार घशाच्या वर चिकटून बसल्यात."

अळ्या मारणारे औषध तिने मला टोचले, सूज उतरायचेही दिले. "सगळ्या कळपाला द्यायचं. मेंढ्यांनाही. नाहीतर पुन्हा हेच."

"ही जगेल ना?" नेमेसिओने विचारले.

"ही जगेल. आधी बोलावलं असतंत, तर दोघी जगल्या असत्या."

मी मेलेल्या अळ्या शिंकून टाकल्या. एका सकाळी वारा सरळ आत गेला. गवताचा वास आला, शेणाचा आला, सगळ्यांचा आला. पुयूचा आला नाही.

मित्रांनो, आम्हाला सांगता येत नाही. आम्ही फक्त शिंकतो. तेव्हा मिरच्या शोधू नका. नाकात काय आहे ते पाहा, आणि तुम्हाला समजत नसेल तर ज्याला समजते त्याला वेळेवर बोलवा.

आता नेमेसिओ रोज सकाळी माझे तोंड ओंजळीत धरून नाकपुड्या तपासतो. मी त्याच्या तोंडावर थुंकते. तो बाहीने तोंड पुसतो आणि पुन्हा वाकून बघतो.